डॉजची उभी नळी

५ मे १९५४, बुधवार

ही वही गाडीची आहे, माझी नाही. लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी कॅम्पात ड्रायव्हर-मेकॅनिक होतो, तेव्हा प्रत्येक लॉरीला अशी एक वही असायची. तारीख, काम आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना रिकामा दिसला की सुभेदार सगळ्यांसमोर सालटी काढायचा. काही घडलं नसेल तर 'काही नाही' लिहा म्हणायचा, पण लिहा. ती खोड लागली ती लागलीच.

आज अक्षय्य तृतीया. शेजारची कौसाबाई सकाळीच दारात. म्हणाली, "आनंदा, आज दिस चांगला हाय. ती गाडी तरी बाहेर काढ, नायतर तू तरी बाहेर ये."

गाडी काढली. सदतीस सालची अमेरिकन डॉज. कुणा गोऱ्या साहेबाची होती, तो विलायतेला गेला तेव्हा मी घेतली आणि बदलापूर स्टेशन ते नदीपलीकडचे आमचे पाडे अशी चालवत होतो. नऊ महिने गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली होती. कोंबडी कौसाबाईचीच निघाली, अंड्यांसकट परत केली.

काय झालं ते एकदाच लिहून टाकतो. गेल्या श्रावणात विठाला, माझ्या बायकोला, हिवताप भरला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिला मागच्या सीटवर निजवून कल्याणला निघालो. उल्हास नदीच्या फरशीवर, म्हणजे आमच्या बुटक्या पुलावर, गुडघाभर पाणी होतं. मधोमध चाक फरशीच्या कडेवरून खड्ड्यात उतरलं. इंजिन बंद केलं असतं तर धुराच्या नळीत पाणी शिरलं असतं, म्हणून चालू ठेवलं. विठा कुडकुडत होती, म्हणून काचा वर केल्या, घोंगडी पांघरली, आणि बैल आणायला पाण्यातून पाड्यावर आलो. बैल घेऊन परत जाईपर्यंत तास गेला. ती झोपली होती. गाल लाललाल. हाक मारली तर उठली नाही. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, तापानं हृदय बसलं, तासभर आधी आणली असती तर बरं झालं असतं.

तासभर. तेवढंच मला दुरुस्त करायचंय. अशी गाडी करणार की कमरेएवढ्या पाण्यातून थांबल्याशिवाय पलीकडे जाईल.

शेरा: काही नाही.

९ मे, रविवार

उल्हासनगरला टेकचंदकडे गेलो. पूर्वी जिथं आमच्या लॉऱ्या उभ्या असायच्या, तिथं आता कॅम्प नंबर तीनमध्ये त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. कराचीत त्याची मोठी वर्कशॉप होती म्हणे. इथं आला तेव्हा हातात एक पेटी आणि दोन पाने होते. लष्करानं लिलावात काढलेल्या भंगारातून तो असं काही उभं करतो की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं.

माझ्याकडे बघून म्हणाला, "आ साईं, आ. बैठ. भाभी का सुना. तू फिर आयाच नहीं."

मी म्हटलं, इंजिन पाहिजे. डॉजच्याच फौजी ट्रकचं, मोठं.

त्यानं चहा मागवला. विठाबद्दल काहीबाही विचारत राहिला. मी इंजिनाबद्दल बोलत राहिलो. शेवटी तो उठला आणि मागच्या ढिगाऱ्यात नेऊन एक इंजिन दाखवलं. सहा सिलिंडर, ब्लॉक धड. म्हणाला, "ये तेरी गाडी को घोडा बना देगा. लेकिन गरम बहुत होता है, हां."

२३ मे, रविवार

इंजिन बसलं. दोन आठवडे टेकचंद आणि मी दोघंच. इंजिनाखालचे जुने पाये कापून नवे बसवले, रेडिएटर चार बोटं पुढं सरकवला. कार्बोरेटरचं नाक बॉनेटच्या वर काढलं म्हणजे हवा घेताना पाणी खेचणार नाही. ठिणगीच्या डब्याला मेण लावलं. पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा काढायचा, नाहीतर पंखा पाणी उडवून सगळं भिजवतो. हे सगळं आम्ही लढाईत करायचो.

राहिली धुराची नळी. टेकचंदचं म्हणणं, ट्रकसारखी बाहेरून वर ने, दरवाज्याला लागून. मी म्हटलं, नाही. पुरात ओंडके वाहत येतात, एक आपटला की नळी गेली. मी ती जुन्या ठिकाणीच मागच्या सीटखालून नेणार, तिथून फळीला भोक पाडून सीटच्या मागं आतूनच वर, आणि टपाच्या बाहेर. सीटखालचा सांधा जुनाच ठेवणार. गेल्या वर्षी गाडीचा सबंध तळ पाण्यात होता, तरी त्या सांध्यातून थेंब आत आला नव्हता.

"आनंदा, अंदर से मत ले," तो म्हणाला. "गॅस चढेगा."

"सांधा घट्ट असल्यावर कसला चढतोय गॅस?"

"घट्ट है कि नहीं, कैसे मालूम? चालू इंजिन पे बिडी का धुवां फिरा के देख. जहां से हवा निकलती है, धुवां नाचता है. कराची में हम ऐसेच करते थे."

मी बिडी ओढत नाही, तपकीर ओढतो, आणि पेट्रोलजवळ जळती बिडी फिरवणाऱ्याला माझ्या सुभेदारानं उलटा टांगला असता, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. मला हसू आलं नाही. हल्ली येत नाही.

शेरा: नळीचं काम घरी करणार.

२ जून, बुधवार

जुनाच सांधा पक्का केला. आधी अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, मग त्यावर गूळ आणि चुना. वडील विहिरी आणि हौद बांधायचे, कळीचा चुना आणि काळा गूळ सात दिवस कुटायचे. तो लेप एकदा वाळला की बापजन्मात पाणी झिरपत नाही. मीही सात दिवस कुटला. विठाचाच खलबत्ता. कौसाबाई म्हणाली, "लाडू करतोस काय रे?"

सांधा बांधून नळी गावतळ्यात अख्खा दिवस बुडवून ठेवली. संध्याकाळी आत बोट घालून पाहिलं. कोरडी.

बरं वाटलं असं लिहिणार होतो. पण तसं काही वाटलं नाही. नळी कोरडी होती एवढं खरं.

११ जून, शुक्रवार

पाऊस लागला आहे. नवं इंजिन रोज थोडं चालवून मऊ करावं लागतं. गोठ्याचं दार लावून आत चालवतो, नाहीतर पावसाचा सगळा झोत कार्बोरेटरवर येतो. नळीचं तोंड टपावरून गोठ्याच्या कौलांतून बाहेर काढून ठेवलंय, तेव्हा धूर आत राहत नाही.

ठोका कसा पडतो ते ऐकायला मागच्या सीटवर बसतो. विठा निजली होती त्याच जागी. ऐकता ऐकता डोकं जड होतं आणि मन मात्र हलकं होतं. कशाचंच काही वाटेनासं होतं. बाहेर आलो की कपाळात घण बसतात आणि उलटीसारखं होतं. पण ती दहा-पंधरा मिनिटं बरी जातात. सबंध दिवसात तेवढीच.

माणूस गेल्यावर असं होतच असेल. कुणाला विचारायचं?

शेरा: काही नाही.

२० जून, रविवार

जावई आले होते. जनू. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात असतात, बुवापाड्यात खोली आहे. माझी अंजनी सातव्या महिन्यात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माहेरी आईच नाही, तेव्हा कसं करायचं हे विचारायला आले होते.

जनू म्हणाले, "मामा, मी तिला म्हटलं, इथंच राहू. डॉक्टर जवळ आहेत, कॅम्पातलं सरकारी इस्पितळ जवळ आहे. तर म्हणाली, आईच्या खोलीतच जाणार. रडून रडून डोळे सुजवले हो तिनं."

कौसाबाई मध्ये पडली. ती आमच्या पाड्याची सुईण. आठ-दहा पाड्यांतली पोरं तिच्या हातावर झालेली. "मी मेले काय? येऊंदे पोरीला. तिला बी मीच बाहेर काढलीय."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नको म्हणायला हवं होतं का? पावसाळ्यात फरशी बुडते, हे त्यांच्याइतकंच मलाही माहीत. पण गाडी तयार आहे. मी म्हटलं, येऊ दे, अडचण आली तर मी तिला पलीकडे नेईन. तास काय, पाव तासात नेईन.

आता गाडीला काम आलं. गाडी चुकली तर पोरगी जाईल. हे लिहिताना हात थरथरायला हवा, पण अक्षर सरळ येतंय.

४ जुलै, रविवार

कॅम्पच्या बाजाराला कौसाबाईला गाडीतून नेलं. ती पुढं माझ्याजवळ बसली, मागच्या सीटच्या पायाशी कोंबड्यांची पाटी. पाऊस होता म्हणून मागच्या काचा बंद. कॅम्पात पोचलो, पाटीवरचं फडकं काढलं तर पाचही कोंबड्या माना टाकून पडलेल्या. दोन हलत होत्या, तीन गेल्या.

कौसाबाईनं भर बाजारात माझा उद्धार केला. "मुडद्या, गाडी हाय का काय हाय? सकाळच्याला टणाटण उड्या मारत व्हत्या!"

नव्या इंजिनाची उष्णता फळीतून वर येते, पाटीवर फडकं घट्ट बांधलेलं, गुदमरल्या असणार. मी तिला तसं सांगितलं. टेकचंद शेजारीच उभा होता. त्यानं वाकून गाडीच्या खाली पाहिलं आणि म्हणाला, "साईं, वो जॉइंट दिखा." मी म्हटलं, सीटखाली फळीत गाडलाय, उघडायचा नाही, तळ्यात तपासलाय. तो पुन्हा वाकून खाली बघायला लागला.

त्याला माझं काम बघवत नाही, दुसरं काय.

शेरा: फळीवर गोणपाट टाकणे.

१८ जुलै, रविवार

अंजनीला आणलं. बुवापाड्यातून निघालो तेव्हा पोरगी अखंड बडबडत होती. शेजारणींनी काय काय बांधून दिलं, जनूंना स्वयंपाक येत नाही, आमच्या पाड्यावरचा फणस यंदा किती लागला. मागच्या सीटवर आडवी झाली होती. बदलापूर येईपर्यंत गप्प झाली. मला वाटलं, दमली.

घरी उतरवताना हलवून हलवून उठवावी लागली. डोळे उघडेनात. मग अंगणात बसून भडाभडा ओकली. कौसाबाई म्हणाली, दिवस गेलेल्या बाईला गाडी लागायचीच. आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "पण तेज बघ पोरीचं! कशी लालबुंद झालीय. अगदी विठा गेली त्या दिवशी दिसत व्हती तशी."

बोलून गेली आणि जीभ चावली. मीही तेच बघत होतो. आईचं रूप घेतलंय पोरीनं.

१ ऑगस्ट, रविवार

फरशीवर मांडीच्या वर पाणी. पाड्यावरची माणसं काठावर जमली. पंख्याचा पट्टा काढला, काचा खाली, एकटाच पुढं बसलो. पहिल्या गियरमध्ये घातली ती सरळ पलीकडे. पाणी दारातून आत आलं, पायावरून गेलं, इंजिन चुकूनसुद्धा खोकलं नाही. पलीकडे पोचून घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंजनी काठावर उभी होती, पोटावर हात ठेवून. ती रडत होती. मी पट्टा परत चढवला, गाडी वळवली, परत आलो.

चार मिनिटं. गेल्या वर्षी हे केलं असतं तर विठा आज या काठावर उभी असती. हे मनात आलं आणि गेलं. अंगाला लागलंच नाही.

८ ऑगस्ट, रविवार

अंजनीनं आज तमाशा केला. मी नेहमीसारखा गोठ्यात मागच्या सीटवर बसलो होतो, इंजिन चालू. जरा डोळा लागला. तिनं म्हणे दहा हाका मारल्या, मग दार उघडून सदरा धरून ओढला. मला ओढलेलं कळलंच नाही. शुद्धीवर आलो तेव्हा अंगणातल्या चिखलात पडलो होतो आणि ती माझ्या तोंडावर पाणी मारत होती.

"बाबा, तुम्ही त्या गाडीत बसायचं नाही. ती गाडी आईची चिता आहे का? सतत काय बसता तिथं?"

मी म्हटलं, झोप लागली होती.

"झोप अशी असते? ओठ बघा आरशात. कुंकू लावल्यासारखे."

आरसा कशाला बघू? डोकं फुटत होतं. रागावलो तिच्यावर. नववा महिना लागलेल्या पोरीनं मला चिखलातून ओढायचं म्हणजे काय? काही झालं असतं म्हणजे?

शेरा: काही नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार

विठाचं वर्षश्राद्ध. भटजी पाण्यामुळे पलीकडेच अडकले, त्यांना डॉजनं आणलं आणि पोचवलं. पिंडाला कावळा पटकन शिवला. बायका म्हणाल्या, हिचं काही राहिलं नाही, सुखानं गेली, चेहरा कसा टवटवीत होता जाताना.

दुपारी अंजनी माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, वर्ष झालं, तुम्ही एकदाही रडला नाहीत. तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नाही वाटत. वाटायला पाहिजे हे कळतं, पण वाटत नाही.

ती उठून आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

२३ ऑगस्ट, सोमवार

कालचं आज लिहितो. काल हातात लेखणी धरवत नव्हती.

सकाळी सातला अंजनीला कळा लागल्या. दहाला कौसाबाई खोलीतून बाहेर आली ती पांढरीफटक. "आनंदा, पोर आडवं हाय. मी दोनदा फिरवून पाहिलं, फिरत नाय. रगत जातंय. इथं माझ्या हातून नाय व्हायचं. गाडी काढ."

फरशीवर कमरेइतकं पाणी. पण याचसाठी तर गाडी केली होती. गोठ्यात जाऊन इंजिन चालू केलं. मागच्या सीटवर गादी घातली, घोंगडी घातली. कौसाबाई म्हणाली, थांब, देवाचं नाव तरी घेऊंदे. तिनं घरातून उदबत्ती आणली आणि गादीच्या कडेला, सीटच्या फटीत खोचली. काचा वर होत्या, वारा नव्हता. ती हात जोडून काहीतरी पुटपुटत होती. मी अंजनीला आणायला वळलो आणि सहज मागं पाहिलं.

उदबत्तीचा धूर सरळ वर जात नव्हता. नाचत होता. धक्, धक्, धक्. इंजिनाच्या ठोक्याला एक झटका. खालून कुणीतरी फुंकर मारावी तसा.

बिडीचा धूर. टेकचंद.

मी गादी उचलून फेकली, सीट उपटली, फळी उचकटली. सांधा समोर होता. गूळ जळून कोळसा झाला होता. चुन्याला बोटभर भेगा. भेगेवर तळहात धरला तर भाजला. तळ्यात थंड नळी बुडवून मी पाणी आत येत नाही एवढंच पाहिलं होतं. आतलं बाहेर येतं का, हे पाहिलंच नव्हतं. कोंबड्या. अंजनीचे गाल. माझी रोजची पंधरा मिनिटं.

विचार करायला वेळ नव्हता आणि बरं झालं नव्हता. इंजिन बंद केलं. कौसाबाईला ओरडून सांगितलं, बैल आणा. पाणी इंजिनात शिरू नये म्हणून टपावरच्या नळीच्या तोंडात आणि खालच्या भेगेवर विठाचं जुनं लुगडं फाडून कोंबलं. अंजनीला मागं नाही, पुढच्या सीटवर बसवली. चार बैल जुंपले आणि माझी सहा सिलिंडरची डॉज, जिच्यासाठी तीन महिने झिजलो, ती बैलांनी ओढत फरशीवरून पलीकडे नेली. मी पाण्यात चालत, एक हात दारावर.

पलीकडे पोचल्यावर बॉनेट उघडलं आणि इंजिनापासूनच नळीचे नट सोडले. सगळी नळी, सांधा, लेप, ओढून चिखलात फेकली. गाडी चालू केली तर तोफ उडावी तसा आवाज. बॉनेटखालून जाळ दिसत होता. चारही काचा खाली, मागची दारं दोरीनं उघडी बांधलेली. पाऊस आडवा आत येत होता. बदलापुरातली माणसं ओट्यांवर येऊन बघत होती. बेलवलीत कुणीतरी ओरडलं, गाडी पेटली, गाडी पेटली!

अंजनी किंचाळली, "बाबा, काचा लावा हो, भिजते मी!"

"भीज!" मी तिच्यावर ओरडलो. "भीज तू! ओरड, मला शिव्या दे, पण झोपू नकोस!"

अंबरनाथ येईपर्यंत ती शिव्या देत होती. कौसाबाई तिच्या मागं वाकून उभी राहून तिच्या गालावर चापट्या मारत होती.

कॅम्पातल्या इस्पितळात दुपारी दीडला पोट कापून मूल काढलं. मुलगी आहे. दोघी जिवंत आहेत. जनूंना खोलीवर निरोप गेला तसे ते धावत आले आणि व्हरांड्यात माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडले.

मी नुसता उभा होतो. तळहाताला फोड आले होते, ते तेव्हा लक्षात आलं.

२५ ऑगस्ट, बुधवार

आज तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, बाई, एक विचारू? गाडीच्या धुराचा गॅस अंगात गेला तर माणूस कसा दिसतो?

त्या म्हणाल्या, "रंग नाही, वास कमी, त्यामुळे कळत नाही. डोकं दुखतं, ओकारी येते, झोप येते. आणि गेला तर चेहरा लाल असतो. झोपल्यासारखा. का हो?"

मी म्हटलं, काही नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. फरशीच्या मधोमध गाडी. धुराच्या नळीचं तोंड पाण्याखाली, धूर आत तुंबलेला. इंजिन चालू, मीच चालू ठेवलेलं. काचा बंद, मीच बंद केलेल्या. तोच सांधा, तिच्या पाठीखाली. त्यातून पाणी आत आलं नव्हतं, याची मी वर्षभर फुशारकी मारली.

तासभर उशीर झाला म्हणून ती गेली नाही. त्या तासात ती गाडीत होती म्हणून गेली.

टेकचंद आला होता, मोसंबी घेऊन. त्याला सगळं सांगितलं. "मैंने बोला था" हे तो सहज म्हणू शकला असता. म्हणाला नाही. माझ्या शेजारी बाकावर बसला आणि एका बिडीवरून दुसरी पेटवत राहिला. मध्येच एकदा म्हणाला, "पिछले साल तुझे कहां मालूम था, अदा." अदा म्हणजे त्यांच्या सिंधीत भाऊ.

२९ ऑगस्ट, रविवार

अंजनी खाटेवर टेकून बसायला लागली. जनू दूध आणायला गेले होते. म्हणाली, "बाबा, नाव विठाच ठेवायचं ठरवलंय आम्ही."

मी म्हटलं, नाव ठेवण्याआधी ऐक. आणि सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सुभेदाराला सांगावं तसं. इंजिन चालू ठेवलं, काचा लावल्या, सांधा. तुझ्या आईला मी मारली. आणि तोच सांधा तुझ्याही खाली बांधला.

तिनं पोरीचं दुपटं ओढून घट्ट केलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, चालते व्हा. म्हणाली असती तर गेलो असतो.

मग तिनं नाक पुसलं. म्हणाली, "आईला थंडी वाजत होती, म्हणून लावल्या ना काचा?"

"हो."

"घोंगडी पण घातली होती ना?"

"हो."

मग तिनं पोरीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा जरा. मला पाय मोकळे करायचेत." मी म्हटलं, अगं, मला धरता येत नाही. ती म्हणाली, "मला धरलं होतं ना? मग."

पोर एवढीशी. मूठ आवळलेली, कपाळावर आठी. गाल लाल नव्हते. सावळे होते, विठाच्या रंगाचे, ती धडधाकट होती तेव्हाच्या रंगाचे. तो रंग मी विसरलो होतो. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो लाल चेहरा होता. पोरीनं डोळे उघडले आणि माझं धोतर ओलं केलं.

तेव्हा फुटलं. इस्पितळात, सगळ्यांसमोर, ओरडून रडलो. परिचारिका धावत आली. अंजनीनं तिला हात केला, राहू दे म्हणून, आणि भिंतीला धरून तशीच उभी राहिली.

घरी येऊन चार तास झाले. अजून थांबत नाहीये. विठाचा खलबत्ता दिसला तरी येतं. बरगड्या दुखताहेत, घसा दुखतोय, भाजलेला तळहात आज पहिल्यांदा ठणकतोय.

शेरा: दुखतंय.